मोटारवाल्याने वाटलेली श्वासयंत्रं

नव्वदच्या दशकात मी शासकीय सेवेत रुजू झालो, तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या पोर्चमध्ये सिव्हिल सर्जनांची पांढरी अ‍ॅम्बॅसेडर उभी असायची. ड्रायव्हर रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायचा आणि थंडीच्या दिवसांत दोन वॉर्डबॉय बोलावून ढकलायला लावायचा. आत कॅज्युअल्टीत गेलं की ट्रेमध्ये लॅरिंगोस्कोप ठेवलेला असे. बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी जीभ बाजूला सारणारं हे उपकरण. त्याच्या वाकड्या पात्याला आम्ही सगळे मॅकिंटॉश ब्लेड म्हणतो. पोर्चमधली गाडी आणि ट्रेमधलं पातं या दोहोंची मुळं एकाच माणसाच्या पैशाशी आणि कारखान्याशी जाऊन भिडतात, हे मला कळायला पुढची वीस-पंचवीस वर्षं आणि एक महासाथ जावी लागली.

तो माणूस म्हणजे विल्यम मॉरिस, पुढे लॉर्ड नफील्ड. आपली अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे त्याच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचं तिसऱ्या मालिकेतलं रूप, थोडे फेरफार करून कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा इथे २०१४ पर्यंत बनत राहिलेलं. तो डॉक्टर नव्हता. कॉलेजात विद्यार्थी म्हणून त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. पण साथीच्या काळात रुग्णालयांसाठी यंत्रं कशी घ्यावीत, किती घ्यावीत, कोणाला द्यावीत, या प्रश्नाची जी चर्चा आपण २०२० साली घशाला कोरड पडेपर्यंत केली, ती ऐंशी वर्षांपूर्वी त्याच्यामुळे इंग्लंडमध्ये होऊन गेली होती.

त्याचा जन्म १० ऑक्टोबर १८७७ चा, इंग्लंडमधल्या वूस्टर गावचा. सात भावंडांत थोरला. पुढे कुटुंब ऑक्सफर्डजवळ राहायला आलं. मुलाला सर्जन व्हायचं होतं म्हणतात. पण वडिलांची तब्येत ढासळली आणि पंधराव्या वर्षी शाळा सुटली. सायकलच्या दुकानात उमेदवारी केली. पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून चार पौंडांच्या भांडवलावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं सायकलदुरुस्तीचं दुकान थाटलं. सायकली बनवल्या, शर्यती जिंकल्या, मोटारसायकलीत हात घातला. १९०४ साली एक भागीदारी बुडाली आणि अंगावर कर्ज उरलं. त्यानंतर भागीदारांवर त्याने फारसा विश्वास ठेवला नाही.

१९१३ साली मॉरिस ऑक्सफर्ड बाजारात आली. त्या गाडीबद्दल लोक बोलतात ते तिच्या गोलसर नाकाबद्दल. मला मात्र तिच्यामागची खरेदी महत्त्वाची वाटते. मॉरिसने सुरुवातीला स्वतः फारसं काही बनवलंच नाही. इंजिन एकाकडून, आस दुसऱ्याकडून, चाकं तिसऱ्याकडून घ्यायची आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या कारखान्यात जोडणी करायची, ही त्याची पद्धत. प्रत्येक पुरवठादाराकडे स्वतः जायचं, वस्तू हातात घेऊन पाहायची, किती नग, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने, हे पक्कं करायचं. इंग्लंडमधली इंजिनं महाग वाटली तेव्हा १९१४ साली तो जहाजाने अमेरिकेला गेला आणि डेट्रॉइटच्या कॉन्टिनेंटल कंपनीशी स्वस्त इंजिनांचा सौदा करून आला. त्यातली काही महायुद्धात बोटींबरोबर समुद्रात गेली, तो भाग वेगळा. १९२१ च्या मंदीत बाकी कारखानदार हातावर हात ठेवून बसले असताना त्याने गाड्यांच्या किमती एकदम खाली आणल्या आणि खप वाढवला. १९२५ साली त्याच्या कारखान्यांतून वर्षाला ५० हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडत होत्या.

पैसा आला, मूलबाळ नव्हतं. स्वतःच्या प्रकृतीची त्याला सतत धास्ती असे. काही ना काही दुखतंय, काहीतरी बिघडलंय, ही भावना त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. असे रुग्ण ओपीडीत आम्हाला रोज भेटतात आणि आम्ही थोडे वैतागतोही. पण या एका रुग्णाच्या धास्तीतून वैद्यकशास्त्राला जे मिळालं, ते पाहून मी तरी वैतागणं कमी केलं आहे. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनला अस्थिरोगाचं एक जुनं रुग्णालय होतं. हाडांचा क्षय आणि पोलिओ झालेली मुलं तिथे महिनोन्महिने राहत. त्या रुग्णालयाची नवी इमारत त्याच्या देणगीतून उभी राहिली. म्हणजे पोलिओने लुळे पडलेले हातपाय त्याला कागदावरून माहीत झालेले नव्हते.

१९३६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने वैद्यकीय संशोधनासाठी त्याच्याकडे मदत मागितली. मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूतिशास्त्र अशा तीन अध्यासनांची योजना होती. नफील्डने चौथं घाला म्हटलं, भूलशास्त्राचं. विद्यापीठातल्या विद्वानांना हे हास्यास्पद वाटलं. भूल देणं ही त्यांच्या लेखी विद्या नव्हती, कसब होतं, आणि तेही दुय्यम. नफील्डला मात्र पूर्वी भूल घेताना गुदमरल्याचा भयंकर अनुभव आला होता, आणि नंतर रॉबर्ट मॅकिंटॉश या न्यूझीलंडच्या तरुण डॉक्टरकडून इतकी अलगद भूल मिळाली होती की शस्त्रक्रिया कधी झाली हे त्याला समजलं नाही. भूलशास्त्र नाही तर पैसेही नाहीत, अशी त्याने अट घातली. देणगी साडेबारा लाखांवरून वीस लाख पौंडांवर गेली आणि विद्यापीठाने मान्यता दिली. १९३७ साली मॅकिंटॉश युरोपातला भूलशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आमच्या ट्रेमधलं वाकडं पातं त्याने १९४३ साली बनवलं. कोविडमध्ये अतिदक्षता विभागांत ज्या नळ्या घातल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी याच घडणीच्या पात्याच्या आधाराने.

आता पोलिओकडे वळू. आजच्या तरुण वाचकांना हा आजार म्हणजे दोन थेंब आणि बोटावरची शाई एवढाच ठाऊक असेल. पोलिओचा विषाणू मेरुरज्जूतल्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. बहुतेकांचा पाय जातो, काहींचा हात. पण काहींमध्ये छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू बंद पडतात. मेंदू शाबूत, शुद्ध शाबूत. मूल आईकडे पाहत असतं आणि श्वास घेता येत नाही. हे स्नायू पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत थोडेफार सावरतात. प्रश्न असतो तो तेवढे दिवस काढण्याचा.

१९२८ साली अमेरिकेत बोस्टनला फिलिप ड्रिंकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर यंत्र काढलं. लोखंडी टाकीत रुग्णाला झोपवायचं, डोकं तेवढं बाहेर, मानेभोवती रबरी पट्टी. टाकीतली हवा ओढून घेतली की आतला दाब कमी होतो, छाती फुगते आणि नाकातोंडातून हवा आत जाते. दाब पूर्ववत केला की श्वास बाहेर. हेच ‘लोखंडी फुप्फुस’. आजचा व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. हे यंत्र छाती बाहेरून उघडत असे. यंत्र चांगलं होतं, पण जड आणि महाग. ब्रिटनमध्ये अशी थोडीच यंत्रं होती आणि तीही मोठ्या शहरांत.

१९३७ साली ऑस्ट्रेलियात पोलिओची मोठी साथ आली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्याने एडवर्ड बोथ या उपकरणं बनवणाऱ्या तरुणाला गाठलं. परदेशातून यंत्र येईपर्यंत साथ थांबणार नव्हती. बोथने लोखंड सोडून प्लायवूड घेतलं. पेटी लाकडी, आणि शेजारी विजेवर चालणारा भाता, नळीने पेटीला जोडलेला. वीज गेली तर भाता हाताने चालवता येईल अशी सोय. कुठल्याही बऱ्या सुताराला आणि फिटरला जमेल असं ते काम होतं, आणि किंमत ड्रिंकरच्या यंत्राच्या मानाने कितीतरी कमी. पुढच्या वर्षी बोथ इंग्लंडमध्ये आला असताना रेडिओवर एका पोलिओ रुग्णासाठी लोखंडी फुप्फुस हवं असल्याचं आवाहन त्याने ऐकलं आणि तिथेच भाड्याच्या जागेत यंत्र बांधून दिलं.

हे यंत्र मॅकिंटॉशच्या विभागात पोहोचलं आणि त्यावर त्यांनी एक फिल्म तयार केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ती नफील्डने पाहिली. मोटारवाल्याच्या नजरेला तिथे दिसली ती लाकूडकामाची आणि जोडणीची एक वस्तू, काउलीत सहज निघण्यासारखी. त्याने कारखान्यातला एक भाग या कामाला लावला, बोथची मदत घेतली आणि जाहीर केलं की ब्रिटिश साम्राज्यातलं जे रुग्णालय मागेल त्याला एक यंत्र फुकट मिळेल. पाच हजारांपर्यंत बनवण्याची तयारी आहे.

निविदा नाही, दरकरार नाही, समिती नाही. अर्ज करा आणि यंत्र घ्या. तीस वर्षं मागणीपत्रं आणि स्मरणपत्रं लिहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून हेवा वाटला, हे कबूल करतो.

पण वैद्यकीय वर्तुळात टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. आक्षेप असा होता की लहान गावातल्या रुग्णालयात श्वास बंद पडलेला पोलिओचा रुग्ण काही वर्षांतून एखादा येणार. तोपर्यंत यंत्र कोठीत धूळ खाणार. आणि ज्या रात्री तो येईल त्या रात्री ते चालवायला शिकलेलं कोणी असेल का? हे यंत्र म्हणजे बटण दाबून मोकळं होण्याचं काम नव्हतं. मानेची पट्टी सैल राहिली तर दाब तयार होत नाही, घट्ट झाली तर कातडी सोलते. रुग्णाला पेटीबाहेर न काढता धुवायचं, कूस बदलायची, भरवायचं. आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे, गिळण्याचे स्नायूही गेले असतील तर यंत्र प्रत्येक श्वासाबरोबर घशातली लाळ फुप्फुसात ओढतं. अशा रुग्णाला अननुभवी हाताने यंत्रात घातलं तर बुडवून मारल्यासारखं होईल. म्हणून टीकाकारांचं म्हणणं होतं, मोजक्या मोठ्या केंद्रांत यंत्रं आणि शिकलेली माणसं एकत्र ठेवा आणि रुग्ण तिथे न्या.

दुसऱ्या बाजूचं उत्तरही तितकंच खरं. श्वास थांबत आलेला रुग्ण चाळीस मैल प्रवास करून केंद्रावर पोहोचतच नाही.

या वादात मी कोणाच्या बाजूने आहे? २०२० आधी विचारलं असतं तर निःसंशय नफील्डच्या बाजूने आहे म्हणालो असतो. पहिल्या लाटेत आम्हाला व्हेंटिलेटर आले. रात्री ट्रकमधून खोकी उतरवली, नोंदवहीत चढवली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की यंत्राची ऑक्सिजनची नळी आमच्या भिंतीवरच्या आउटलेटमध्ये बसत नाही. जोडणारा अ‍ॅडॅप्टर पुरवठा आदेशात कोणी लिहिलाच नव्हता. त्याच रात्री माझ्याच वयाचा एक रुग्ण खालावला. जुनी यंत्रं सगळी लागलेली होती. नळी घालून एक इंटर्न आणि एक वॉर्डबॉय पाळीपाळीने हाताने फुगा दाबत बसले, पीपीई किटमध्ये, पहाटेपर्यंत. नवं कोरं यंत्र तीन फुटांवर प्लॅस्टिकच्या आवरणात उभं. सकाळी सातला अ‍ॅडॅप्टर आला. रुग्ण अकराव्या दिवशी गेला. त्या रात्रीमुळे गेला असं मी म्हणणार नाही, त्याचं फुप्फुस फारच खराब होतं. पण त्याच्या बायकोने मला विचारलं होतं की मशीन आलंय ना साहेब, आणि मी हो म्हटलं होतं.

म्हणून आता टीकाकारांचं म्हणणं मला जास्त ऐकू येतं. नफील्डच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगायला हवी, जी त्याच्या दानशूरपणाच्या कौतुकात मागे पडते. यंत्र देण्याच्या दोन वर्षं आधी त्याने भूलशास्त्राचा विभाग उभा केला होता. श्वास सांभाळणं हेच ज्यांचं काम, अशी माणसं घडवणारी जागा, विद्वानांचा विरोध मोडून त्याने आधी तयार केली आणि तिच्याचमुळे यंत्र त्याच्या नजरेस पडलं. मॅकिंटॉशच्या विभागाने हे यंत्र पोलिओपुरतं ठेवलं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा श्वास उथळ राहतो अशा रुग्णांसाठीही ते वापरून पाहिलं. वापरात राहिलेलं यंत्र गंजत नाही आणि ते चालवणारा हातही विसरत नाही. माझ्या मते टीकाकारांना मिळालेलं खरं उत्तर हे होतं. १९३९ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने श्वासयंत्रांवर स्वतंत्र अहवालही काढला.

१७०० हून अधिक यंत्रं काउलीतून बाहेर पडून जगभरातल्या रुग्णालयांत गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या ब्रिटनमध्ये सातशेहून अधिक बोथ यंत्रं होती. ड्रिंकर पद्धतीची पन्नासच्या आसपास. मधल्या काळात, १९४७ साली, ब्रिटनने पोलिओची मोठी साथ पाहिली. दहा वर्षांपूर्वीच्या फुकट वाटपाकडे तेव्हा कोणी उधळपट्टी म्हणून पाहिलं असेल असं वाटत नाही.

याच माणसाची दुसरी खरेदी-पुरवठ्याची गोष्ट मात्र वाईट फसली. युद्धाच्या तयारीसाठी सरकारला विमानं हवी होती. १९३६ सालीच नफील्डचं आणि हवाई खात्याचं जाहीर भांडण झालं होतं. तरी १९३८ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच इथल्या नव्या प्रचंड कारखान्याची जबाबदारी त्याच्याकडे आली, स्पिटफायर विमानं बनवण्याची. मोटारी जशा काढतो तशी विमानं काढू, हा आत्मविश्वास. पण मोटारीचा आराखडा एकदा ठरला की वर्षभर बदलत नाही; लढाऊ विमानाचा दर महिन्याला बदलतो आणि त्याच्या पंखाची घडण सुतारकामासारखी सोपी नसते. मे १९४० पर्यंत तिथून एकही स्पिटफायर बाहेर पडलं नव्हतं. नवे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रूक यांनी कारखाना त्याच्या हातून काढून व्हिकर्स कंपनीकडे दिला. एका साथीत यंत्रांचा पूर आणणारा माणूस दुसऱ्या संकटात रिकाम्या हाताने उभा राहिला. फरक वस्तूत होता असं मला वाटतं. प्लायवूडची पेटी त्याला आरपार समजत होती. विमान समजतं असं त्याला फक्त वाटत होतं.

आणखी एक डाग सांगून टाकतो, कारण देणगीदारांची चरित्रं फार गोडगोड लिहिली जातात. कामगार संघटना त्याला खपत नसत. आणि पुढे ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता झालेल्या ओस्वाल्ड मोस्लेच्या आधीच्या पक्षाला त्याने पन्नास हजार पौंड दिले होते. वीस लाख देणारा हात तोच आणि हे पन्नास हजार देणारा हातही तोच.

त्याच्या यंत्राचा काळ फार टिकला नाही. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली तेव्हा तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात पेटीचं यंत्र एकच होतं आणि छातीवर बांधायची सहा. पहिल्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ तीन दिवसांत दगावले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी फुग्याने हवा आत ढकलली. घशातली लाळही आता फुप्फुसात जात नव्हती. यंत्रं नव्हतीच, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे फुगे दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अतिदक्षता विभाग नावाची गोष्ट तिथून सुरू झाली असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. बाहेरून छाती उघडणारी पेटी मागे पडली, आत हवा ढकलणारं यंत्र आलं. पण तो फुगा दाबणारा डॉक्टर पुन्हा भूलशास्त्राचाच होता. ज्याला विद्यापीठ विद्या मानायला तयार नव्हतं, त्याच शास्त्राचा.

नफील्डने हयातीत सुमारे तीन कोटी पौंड दान केले असं मानलं जातं. १९४३ मध्ये एक कोटी पौंडांचं नफील्ड फाउंडेशन स्थापन झालं. ऑक्सफर्डमधले वैद्यकीय विभाग आजही त्याच्या नावाने आहेत. २०२० च्या जूनमध्ये त्याच विभागांतल्या संशोधकांच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमध्ये डेक्सामेथॅसोन या जुन्या, स्वस्त औषधाने मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. ते आमच्या औषध भांडारात पहिल्यापासून होतं, काही रुपयांचं. आणि आपल्यापैकी पुष्कळांनी दंडावर घेतलेली, पुण्यात तयार झालेली कोविशील्ड ज्या जेनर इन्स्टिट्यूटमधून निघाली, ती नफील्ड डिपार्टमेंट ऑफ मेडिसिनचाच भाग.

२२ ऑगस्ट १९६३ रोजी तो वारला. वारस नसल्याने लॉर्ड ही पदवीही त्याच्याबरोबर संपली. ऑक्सफर्डशरमधलं त्याचं घर आता लोकांना पाहण्यासाठी खुलं आहे. इतक्या श्रीमंत माणसाच्या मानाने घर साधंच. झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात त्याने कपड्यांऐवजी हत्यारं मांडून ठेवली होती. रात्री झोप आली नाही की उठून काहीतरी दुरुस्त करत बसायचा. त्याच कपाटात बरणीत घालून ठेवलेलं त्याचं स्वतःचं अपेंडिक्स आहे. आणि घरात एक लोखंडी फुप्फुसही ठेवलेलं आहे.

आमच्या पोर्चमधल्या अ‍ॅम्बॅसेडरचं पुढे निर्लेखन झालं. लिलावात भंगारवाल्याने ती नेली. ड्रायव्हर त्या दिवशी रजेवर होता. लॅरिंगोस्कोप आहे, बल्ब दोनदा बदलला. गेल्या महिन्यात नव्या इंटर्नना ते पातं धरायला शिकवताना मी त्यांना आधी भिंतीवरच्या आउटलेटमध्ये नळी बसते का, ते पाहायला लावलं.